मुक्तीच्या वर्षी बायकांनी सोसलेलं



दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. झेंडावंदन होतं, हुतात्म्यांची नावं घेतली जातात. ती घ्यायलाच हवीत. पण त्याच काळात लेकरं कडेवर घेऊन घरदार सोडलेल्या बायकांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आज त्यांच्याबद्दल बोलू या.

१९४८ साली आपलं हिंगोली निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होतं. पैनगंगेपलीकडचं वऱ्हाड भारत सरकारच्या ताब्यात होतं. कासिम रझवीच्या रझाकारांचा जुलूम वाढला, तशी सरहद्दीजवळची अनेक हिंदू कुटुंबं जीव मुठीत धरून संस्थानाबाहेर गेली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. मग सूड सुरू झाला. रझाकारांशी काही देणंघेणं नसलेल्या मुसलमान कुटुंबांवरही घर सोडायची पाळी आली.

भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि आपल्या शेजारच्या नांदेडला बसली. बायकांवर अत्याचार झाले, त्यांना पळवून नेलं, हेही समितीनं लिहिलं. तो अहवाल साठ वर्षांहून जास्त काळ लोकांपुढं आला नाही.

घरातही तेच झालं. तुरुंगात गेलेल्या पुरुषाला स्वातंत्र्यसैनिकाचा मान मिळाला, आणि तो योग्यच होता. पण बाईनं आपलं सोसलेलं सांगितलं, तर घराची अब्रू जाणार! मग ती गप्प बसली. हिंदू घरातली बसली, मुसलमान घरातलीही बसली.

तोंड मिटलं, तरी मन थोडंच मिटतं? झोप उडते, दार वाजलं की छातीत धस्स होतं, तेच तेच डोळ्यांपुढं येतं. अशा आघाताच्या आजाराला अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली नाव दिलं, तेही मुख्यतः व्हिएतनामच्या लढाईतून परतलेल्या सैनिकांमुळं. आपल्याकडं अशा बाईला 'बाहेरचं झालंय' म्हणत अंगारा लावला जायचा.

तेव्हाची दहा वर्षांची मुलगी आज नव्वदीच्या घरात आहे. ती कुणाची आजी असेल, कुणाची नानी. तिनं आपणहून विषय काढला, तर 'जाऊ दे, झालं गेलं' म्हणू नका. शेजारी बसा, ऐका. ती बोलली नाही, तर खोदून विचारू नका.

आणि दंगलीचा, मारहाणीचा, घर सुटल्याचा घाव आज तुमच्या मनात असेल, तर १४४१६ या सरकारच्या 'टेली मानस' क्रमांकावर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. यात अब्रू जाण्यासारखं काहीही नाही.