न जन्मलेल्या फुप्फुसाचे मोजमाप

अठराव्या-विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत क्वचित एक चित्र दिसते. गर्भाचे हृदय उजवीकडे ढकललेले असते आणि डाव्या फुप्फुसाच्या जागी जठराचा काळा गोळा असतो. छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा जुळून आलेला नसतो. त्या भोकातून आतडी, जठर, कधी यकृतही वर चढते आणि फुप्फुसाला वाढायला जागा उरत नाही. माझी हयात सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत गेली. हे चित्र पाहून आईबाप एकच विचारतात : "वाचेल ना?" या प्रश्नाला आकड्यात उत्तर देण्याच्या धडपडीचा हा इतिहास.

प्रागचे शरीररचनाकार बोखडालेक यांनी १८४८ मध्ये या भोकाचे वर्णन केले. आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९४६ मध्ये बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी एक दिवसाचेही नसलेल्या बाळावरची यशस्वी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. आतडी खाली ओढायची, भोक शिवायचे. प्रश्न सुताराचा वाटत होता. मोठ्या रुग्णालयांचे निकालही चांगले दिसत. मायकेल हॅरिसन यांनी नॉर्वेतल्या सहकाऱ्यांसह १९७८ मध्ये त्यातली मेख दाखवली. सर्वांत खुज्या फुप्फुसांची बाळे शल्यविशारदाच्या टेबलापर्यंत पोचतच नव्हती, म्हणून ती कुणाच्या हिशेबात नव्हती. या 'लपलेल्या मृत्यूं'ना उजेडात आणले ते ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये वैद्यकापुढे मांडलेल्या ध्वनिचित्रणाने. आजार पोटातच दिसू लागला आणि पूर्वीपेक्षा भयंकर वाटू लागला. वास्तविक बदलली होती ती फक्त मोजणी.

मग १९९६ मध्ये हॅरिसन यांच्याच सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने एक सुटसुटीत गुणोत्तर दिले. हृदयाचे चारही कप्पे दिसतील अशा छेदात, विरुद्ध बाजूच्या फुप्फुसाच्या काटकोनातल्या दोन लांब्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला डोक्याच्या घेराने भागायचे. त्यांच्या ५५ गर्भांत ०.६ च्या खालचे एकही बाळ जगले नाही, १.३५ च्या वरची सगळी जगली. आम्हा सोनोग्राफीवाल्यांना हे वरदानच वाटले. यंत्रावर दोन रेघा, कागदावर एक भागाकार!

पुढच्या काही वर्षांतली गोष्ट. एकोणिसाव्या आठवड्यात आलेल्या एका जोडप्याला मी हा भागाकार करून सांगितला. आकडा फार कमी होता. तेव्हा गर्भपाताची कायदेशीर मर्यादा २० आठवड्यांची होती. त्यांच्या हातात जेमतेम पाच-सहा दिवस होते. ते पुन्हा आले नाहीत.

२००५ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या गटाने निरोगी गर्भ मोजून दाखवले, की बाराव्या ते बत्तिसाव्या आठवड्यात फुप्फुसाचे क्षेत्रफळ सोळापट वाढते आणि डोक्याचा घेर फक्त चौपट. म्हणजे गुणोत्तर वयाबरोबर आपोआप चढते. एकोणिसाव्या आठवड्यात ते कमी असणारच! तो लेख वाचताना मला ते जोडपे आठवले. त्यांच्या बाळाचे फुप्फुस खरोखर किती खुजे होते, हे मी आजही सांगू शकत नाही. २००७ पासून त्या आठवड्याच्या निरोगी गर्भाशी तुलना करून टक्केवारी काढण्याची पद्धत रूढ होत गेली. एमआरआयने फुप्फुसांचे आकारमानही मोजू लागले.

पण वयाची चूक सुधारली, तरी दुसरी एक गोष्ट आकड्यात शिरलेलीच राहिली. २००३ मध्ये हॅरिसन यांच्या गटाने गर्भाची श्वासनलिका तात्पुरती बंद करून, फुप्फुसातला द्रव आतच साठवून ते वाढवण्याची चाचणी केली. २४ स्त्रियांनंतर ती थांबवावी लागली. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ७७ टक्के बाळे जगली, श्वासनलिका बंद केलेल्यांपैकी ७३ टक्के. साध्या उपचारांचे यश अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाले, कारण ती सगळी बाळे एकाच निष्णात केंद्रात जन्मली होती. पुढे २०२१ मध्ये यान डेप्रेस्ट यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत अतिखुज्या फुप्फुसांच्या गटात श्वासनलिकेतल्या फुग्याने ४० टक्के बाळे घरी गेली, फुग्याविना १५ टक्के. त्यावर अमेरिकेतल्या काही केंद्रांचा आक्षेप असा, की आमच्याकडे फुग्याविनाही याहून जास्त जगतात. माझ्या मते दोघेही खरे बोलत असावेत.

आता रिपोर्टात टक्केवारीशेजारी मी आठवडा ठळक लिहितो. आणि "वाचेल ना?" असे कुणी विचारले, की आधी मीच विचारतो : बाळंतपण कुठे करणार आहात?