घाटाचा राजा कोण? पनवेल ते खंडाळा, एका चढाचा इतिहास

१/
पनवेलजवळच्या सुकापूरहून पहाटे निघणाऱ्या सायकलस्वारापुढे दोन वाटा असतात. माथेरान रस्त्याने नेऱ्याकडे वळल्यास समोर प्रबळगड उभा राहतो. जुना मुंबई-पुणे रस्ता धरल्यास पळस्पे, चौक, खालापूर, खोपोली ही गावे मागे टाकत बोरघाटाचा पायथा येतो. हा धागा दुसऱ्या वाटेचा आहे.

२/
युरोपात द्राक्षमळ्यांच्या टेकड्या आणि मध्ययुगीन गावे ओलांडत जाणाऱ्या सायकल शर्यतींना शतकाहून मोठी परंपरा आहे. टूर द फ्रान्स १९१० मध्ये पिरेनीज पर्वतात शिरली आणि तूरमालेची खिंड ओलांडून गेली. १९३३ पासून तिथे सर्वोत्तम डोंगरचढाईसाठी स्वतंत्र मान दिला जाऊ लागला.

३/
महाराष्ट्रात त्या मानाला नाव आहे ‘घाटाचा राजा’. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला हा किताब मिळतो. शर्यत पुण्यात संपते, परंतु तिची खरी कसोटी खोपोलीनंतर लागते. मात्र, हा घाट चाकांनी चढण्याजोगा केला कोणी, आणि कोणासाठी?

४/
आधी भूगोल पाहू. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही उंच नाही. खंडाळा साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. कोकणातून देशावर जाणाऱ्या प्रत्येकाला, मग तो भिक्षू असो, वणजारी असो वा शिपाई, ही उंची कुठेतरी चढावीच लागे. सह्याद्रीतील घाटवाटांचा इतिहास म्हणजे त्या चढाशी केलेल्या तडजोडींचा इतिहास आहे.

५/
ही वर्दळ किती जुनी आहे, हे घाटमाथ्यावरील कार्ल्याची लेणी सांगतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तेथील ब्राह्मी लेखांत दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत वैजयंतीचा श्रेष्ठी आहे, धेनुकाकटाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, सुतार आहे आणि स्वतःला ‘यवन’ म्हणवणारेही आहेत. किनारा आणि पठार यांच्यातील व्यापाराखेरीज इतकी भिन्न माणसे एका डोंगरात एकत्र येणे अवघड होते.

६/
मात्र, ही वाट चाकांची नव्हती. माल बैलांच्या पाठीवरून जाई. अशा वाटेवर मोठी फौज किती असहाय होते, हे २ फेब्रुवारी १६६१ रोजी दिसले. बोरघाट टाळून कुरवंडे घाटाने कोकणात उतरणाऱ्या कारतलबखानाला शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत गाठले. अरुंद वाटेत संख्याबळ निरुपयोगी ठरले आणि खानाला शरण यावे लागले.

७/
पुढच्या शतकात हाच धडा इंग्रजांना मिळाला. रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज नोव्हेंबर १७७८ मध्ये पनवेलच्या बाजूने पुढे सरकू लागली. तोफा, दारूगोळा, धान्य आणि हजारो बैल असा पसारा घाट चढवायचा होता. ती तळेगावला पोहोचली ९ जानेवारी १७७९ रोजी. पनवेल ते तळेगाव अंतर सुमारे ऐंशी किलोमीटर.

८/
तोवर मराठ्यांना जमवाजमव करण्यास पुरेसा अवधी मिळाला होता. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे मराठी बखरींतला ‘इष्टूर फाकडा’, मारला गेला. तळेगाव मराठ्यांनी आधीच जाळून रिकामे केले होते. इंग्रजांनी अवजड तोफा तळ्यात टाकून माघार घेतली, वडगावला ते घेरले गेले आणि तह करून सुटले. पराभवाची कारणे अनेक होती. चढाने खाल्लेला वेळ हे त्यांतले एक महत्त्वाचे कारण.

९/
म्हणून १८०४ च्या सुमारास जनरल आर्थर वेलस्लीने घाटातला रस्ता सुधारून घेतला, तो तोफांसाठी. तरीही १८२५ मध्ये या वाटेने गेलेल्या बिशप हेबरने नोंदवले, की रस्ता रुंद आणि चांगला असला तरी इतका उभा आहे, की त्यावर कोणी गाडीत बसून चढत-उतरत नाही. लोक पायी चालत. गरज लढाईची असली, की रस्ता थोडक्यात भागतो. रोजच्या व्यापाराला तो पुरत नाही.

१०/
चाकांचा घाट आला १८३० मध्ये. १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी गाड्यांसाठी बांधलेला नवा रस्ता खुला केला. भरलेली बैलगाडी आता मालासकट देशावरून कोकणात उतरू शकत होती. देशावरचा कापूस आणि धान्य पनवेल बंदराकडे आणि तिथून जलमार्गाने मुंबईला जाऊ लागले.

११/
इथे सायकलीचा संबंध येतो. बैलगाडीचा रस्ता आखताना प्रश्न एकच असतो: भरलेली गाडी ओढताना बैल कुठे थांबेल? त्यानुसार चढ लांबवला जातो आणि वळणे घेतली जातात. सायकलस्वाराचे यंत्रही स्नायूंचेच आहे. सायकलीसह ८० किलो वजन ५०० मीटर वर नेण्यास सुमारे ३९० किलोज्यूल ऊर्जा लागते. तासाभरात चढायचे, तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सरासरी ११० वॅट शक्ती द्यावी लागते. उंची कमी होत नाही, ती केवळ लांबीत वाटली जाते. सायकलस्वाराचा दम टिकतो, कारण कोणे एके काळी बैलाचा दम मोजला गेला होता.

१२/
फ्रान्समध्येही काही वेगळे घडले नाही. पिरेनीजमधील खिंडींचे अनेक रस्ते १९व्या शतकात औषधी झऱ्यांच्या गावांकडे जाणाऱ्या घोडागाड्यांसाठी बांधले गेले. शर्यती नंतर आल्या. जगातील कित्येक नामांकित सायकल-चढ हे ओढकाम करणाऱ्या जनावरांचा वारसा आहेत.

१३/
या वाहतुकीने पनवेलला एक खास धंदा दिला. विसाव्या शतकाच्या आरंभीचे इम्पीरियल गॅझेटियर सांगते, की गाडीची चाके बनवणे हा पनवेलचा मुख्य उद्योग होता. बोरघाट उतरून आलेला गाडीवान ऐपत असेल तर इथून चाकांची एक जोडी घेऊनच परते. आज ज्या परिसरातून सायकली निघतात, तो परिसर शंभर वर्षांपूर्वी चाकांसाठीच ओळखला जाई.

१४/
वाटेवरची गावेही वाचण्यासारखी आहेत. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक येथे मुक्कामाला होता. तिथून तो समोरचा डोंगर चढला आणि ‘माथेरानचा शोध’ त्याच्या नावावर लागला. त्या डोंगरावर ठाकूर, कातकरी आणि धनगर यांचा वावर आधीपासून होता. खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधवलेला तलाव आणि महादेवाचे मंदिर आहे, घाट चढण्यापूर्वीच्या विसाव्याचे ठिकाण. त्याच खोपोलीत १९१५ पासून घाटमाथ्यावरचे पाणी खाली सोडून टाटांनी वीज तयार केली. जी उंची गाडीवानाला दमवी, तीच मुंबईच्या गिरण्या चालवू लागली.

१५/
१८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावली. सुमारे २५ किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांहून अधिक चढ होता. कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांच्या आसपास मजूर इथे राबत होते. पटकी, ताप आणि अपघात यांत हजारो मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवले, हे आपल्याला नावानिशी ठाऊक आहे. मजुरांची नावे ठाऊक नाहीत. रेल्वे कल्याण-कर्जतमार्गे गेल्याने पनवेलचा घाटव्यापारही ओसरला.

१६/
त्या निनावी माणसांची आठवण घाटातल्या एका छोट्या देवळाने जपली आहे. शिंग्रोबाचे देऊळ. लोककथा अशी, की इंग्रज अभियंत्यांना वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखवली. बक्षीस विचारताच त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी घालण्यात आली. आजही येणारे-जाणारे चालक तिथे नाणे वाहतात.

१७/
ही कथा पुरावा म्हणून नव्हे, स्मृती म्हणून वाचावी. तिच्यातला दावा मात्र नेमका आहे: वाट अभियंत्याच्या आधीची आहे, आणि ती मेंढरांमागे चालणाऱ्याला ठाऊक होती. माल्कम आणि मॅलेट यांची नावे ग्रंथांत राहिली. वाट दाखवणाऱ्याचे नाव लोकांनी देवळात ठेवले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन्ही दप्तरे वाचावी लागतात.

१८/
२००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्यावर सायकलींना बंदी आहे. एप्रिल २०२० मध्ये घाटातला ब्रिटिशकालीन अमृतांजन पूलही पाडण्यात आला. वेगाने जाणाऱ्याला आता चौकही दिसत नाही आणि खोपोलीचा तलावही. जुन्या रस्त्याला पावलागणिक मोजणारे शेवटचे प्रवासी सायकलस्वारच उरले आहेत. मालट्रकच्या गर्दीत, कडेच्या हातभर पट्टीवरून ते चढतात. जुन्या रस्त्याची देखभाल आणि त्यावरील सायकलींची सुरक्षितता हा म्हणूनच वारसा जतनाचाही प्रश्न आहे.

१९/
मग घाटाचा राजा कोण? शर्यतीपुरते उत्तर सोपे आहे: जो प्रथम माथ्यावर पोहोचेल तो. इतिहासाचे उत्तर लांबलचक आहे. त्यात मेंढपाळ आहे, वणजारी आहे, बैल आहे, पनवेलचा चाके घडवणारा सुतार आहे आणि दरडीखाली गेलेला मजूर आहे. घाट चढताना शिंग्रोबाच्या देवळाशी दम घ्यायला थांबाल, तेव्हा त्यांचीही आठवण असू द्या.