जीवसृष्टी सुरू कशी झाली? कोणता दावा तपासता येतो, हे असं ओळखा

"शास्त्रज्ञांनी लॅबमध्ये जीव बनवला!", "जीवन अंतराळातून आलं, सिद्ध झालं!" असे व्हिडिओ तुमच्याही फोनवर येत असतील. शेअर करण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: हा दावा चुकीचा असेल, तर ते आपल्याला कळणार कसं?

याचं उत्तर मिळालं, तर दावा तपासता येतो. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी १९३४ साली हीच कसोटी मांडली होती. आता ती प्रमुख दाव्यांना लावून पाहूया.

१. वायू आणि विजेतून सुरुवात

१९५३ मध्ये स्टॅन्ली मिलर यांनी हॅरोल्ड युरी यांच्या मार्गदर्शनाखाली मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ काचेच्या बंद उपकरणात घेऊन विजेच्या ठिणग्या सोडल्या. काही दिवसांत अमिनो आम्लं तयार झाली. म्हणजे प्रथिनांच्या विटा मिळाल्या, जीव नाही! पुढे अनेक संशोधकांनी म्हटलं, की तेव्हाच्या हवेत कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन जास्त असावेत. तसं असेल तर अमिनो आम्लं खूपच कमी बनतात. म्हणजे दावा तपासला गेला आणि त्याची मर्यादाही कळली.

२. आधी आरएनए

आरएनए माहिती साठवतो आणि रासायनिक क्रियाही घडवतो. या शोधासाठी थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना १९८९ चं नोबेल मिळालं. कसोटी काय? स्वतःची पूर्ण प्रत स्वतःच काढणारा आरएनए बनवून दाखवा. त्या दिशेने प्रयोग सुरू आहेत.

३. जीवन अंतराळातून आलं

फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी हा विचार जोरात मांडला. त्याची तपासणी आपल्याकडेही झाली. २००५ मध्ये हैदराबादहून इस्रोचा बलून सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली गेली. या प्रयोगात डॉ. जयंत नारळीकर प्रमुख होते. हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत तपासणी झाली.

२००९ मध्ये निकाल आला: जिवाणूंच्या १२ वसाहती मिळाल्या. त्यातल्या ९ पृथ्वीवरच्या माहीत असलेल्या प्रजातींशी ९८ टक्क्यांहून जास्त जुळल्या. ३ प्रजाती नव्या होत्या. एकीला हॉइल यांचं नाव दिलं गेलं.

मग जीवन अंतराळातून आलं, हे सिद्ध झालं का? नाही. नव्या प्रजातीही पृथ्वीवरच्या जिवाणूंच्याच नातलग निघाल्या. यातून परग्रहावरचं मूळ ठामपणे सिद्ध होत नाही, असं इस्रोनेच स्पष्ट सांगितलं. मला या बातमीतलं हेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि फॉरवर्डमध्ये नेमकं तेच गळतं. शिवाय जीवन बाहेरून आलं असं मानलं, तरी तिथे ते कसं सुरू झालं हा प्रश्न उरतोच.

तपासता न येणारे दावे

"एका अदृश्य शक्तीने सगळं घडवलं" हा दावा कुठल्याही निरीक्षणाशी जुळतो. म्हणून विज्ञान त्याला खरं किंवा खोटं ठरवू शकत नाही. तो श्रद्धेचा विषय आहे. मात्र त्याला "वैज्ञानिक पुरावा" असं लेबल लावलं, तर कसोटी विचारायलाच हवी.

थोडक्यात

जीवसृष्टीच्या सुरुवातीचं अंतिम उत्तर अजून मिळालेलं नाही. म्हणून सगळेच दावे सारखे ठरत नाहीत. पुढचा व्हिडिओ आला, की तीन गोष्टी बघा:

- नेमकं काय सापडलं: जीव, की फक्त रसायन?
- दुसरं साधं कारण असू शकतं का?
- काय दिसलं, तर दावा मागे घ्यावा लागेल?

तिसऱ्याचं उत्तर नसेल, तर "सिद्ध झालं" म्हणून पुढे पाठवू नका.