बार्शीची नोंदवही

पुणे-सोलापूर महामार्गावरील टेंभुर्णीहून एक रस्ता पंढरपूरला जातो आणि दुसरा कुर्डुवाडीमार्गे बार्शीला. पंढरीची वाट साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. बार्शीची वाट वैद्यकाच्या इतिहासातही जाऊन पोहोचते, हे मात्र थोड्यांनाच माहीत असेल.

धर्मग्रामाच्या कामात बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या आमच्या हातांखालून रोज जातात. त्या रूक्ष वाटतात खऱ्या. परंतु १६६२ साली जॉन ग्राँट नावाच्या लंडनच्या एका व्यापाऱ्याने तेथील धर्मग्रामांतून दर आठवड्याला निघणाऱ्या मृत्यूंच्या याद्या एकत्र मांडल्या आणि माणसे कशाने मरतात याचा हिशेब केला. साथरोगशास्त्राच्या उगमांपैकी हा एक. एका घरातील मृत्यू हे त्या घराचे दुःख असते. शेकडो मृत्यू शेजारी शेजारी लिहिले की त्यांतून कारणाचा माग लागतो.

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ साली अशीच एक वही उघडली गेली. भारतातील ही पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. रुग्णालयाच्या दप्तरात फक्त तेथवर पोहोचलेले रुग्ण दिसतात. दुखणे अंगावर काढीत घरातच संपलेली शेतमजूर बाई त्यात नसते. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील गावोगाव फिरले, लोकांना रोगाची लक्षणे समजावून सांगू लागले. येथील स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत अधिक, हे त्या वहीने दाखविले. आणखीही एक गोष्ट घडली. पुढील काही वर्षांत हा रोग लवकरच्या अवस्थेत ओळखला गेलेल्या स्त्रियांचे प्रमाण वाढले. विचारपूस हाच जणू पहिला उपचार ठरला.

या पायावर पुढचे पाऊल पडले. १९९९च्या अखेरीस शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मोठा अभ्यास आरंभिला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, त्यांचे चार गट पाडले. एका गटात रोगास कारण होणाऱ्या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात सौम्य ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला यांपैकी काहीच नाही. जिल्ह्यात जी नेहमीची आरोग्यसेवा होती तीच. निवड दैवावर सोपविण्याचे कारण सोपे आहे. संशोधकाच्या मर्जीने गट पडले असते, तर फरक चाचणीचा की गावांच्या परिस्थितीचा, हे सांगता आले नसते.

निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. विषाणूच्या चाचणीच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. चौथ्या गटातील ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यातील एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. उरलेल्या दोन पद्धतींनी मात्र या अभ्यासात मृत्यू निश्चितपणे घटल्याचे दिसले नाही. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्राथमिक तपासणीसाठी विषाणूच्या चाचणीलाच पसंती दिली, त्यामागील पुराव्यांत या गावांचाही वाटा आहे.

परंतु त्या ६४ जणींपाशी आम्ही थबकतो. पेशींच्या तपासणीचा उपयोग पाश्चात्त्य देशांत कित्येक दशके सिद्ध झालेला असता चौथा गट तपासणीविना ठेवणे न्याय्य होते काय, असा सवाल टीकाकारांनी केला. जिल्ह्यात मुळात अशी तपासणी नव्हतीच, तेव्हा कोणाचे काही हिरावले गेले नाही. शिवाय खेड्यांत कोणती पद्धत टिकेल हे खरोखर ठाऊक नव्हते, असे समर्थकांचे उत्तर. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. दोन पद्धती उण्या पडल्या, हे तुलनेवाचून कळले नसते. पहिला मुद्दा आमच्या मनाला पटत नाही. गरिबाच्या ताटात आधीच काही नव्हते, ही सबब होऊ शकत नाही; तोच तर मूळ अन्याय. तीन पद्धतींची आपापसांतही तुलना करता आली असती. मात्र तशा अभ्यासातून मृत्यू किती टळले याचे उत्तर इतके स्पष्ट मिळाले नसते, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

१९४७ची न्यूरेंबर्ग संहिता आणि १९६४चा हेलसिंकी जाहीरनामा यांनी संशोधकावर बंधने घातली. कागदावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. आपल्याला काय मिळणार नाही आणि ते अन्यत्र कोठे मिळू शकेल, हे त्या बाईला तिच्या बोलीत कळणे म्हणजे संमती. आणि ज्यांच्या देहावरून ज्ञान मिळाले, त्यांच्यापर्यंत त्याचे फळ पोहोचविणे हे ऋण आहे.

आपल्या कुटुंबांतील अनेक मुले-मुली आज वैद्यकाचे आणि परिचर्येचे शिक्षण घेत आहेत. पुस्तकातील कोष्टकात ६४ हा आकडा त्यांना भेटेल, तेव्हा तो वाचून त्यांनी लगेच पान उलटू नये. आमच्या मृत्यूच्या वहीत प्रत्येक ओळीला एक नाव असते.