कीटकनाशकाची विषबाधा: शुद्धीवर आलेला रुग्ण पुन्हा का ढासळतो?

विषबाधा झालेला रुग्ण शुद्धीवर येतो, बोलू लागतो. घरच्यांना वाटतं, वाचला. पण काहींना त्यानंतर उशीवरून मानच उचलता येत नाही. मग खांदे-मांड्यांमधली ताकद जाते, श्वासाचे स्नायूही थकतात. हा 'इंटरमीडिएट सिंड्रोम'. तो साधारण १ ते ४ दिवसांत दिसतो.

हे नाव १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी दिलं. मात्र पुण्याचे डॉ. आर. एस. वाडिया आणि सहकाऱ्यांनी २०० रुग्णांचा अभ्यास करून अशी उशिरा येणारी लक्षणं १९७४ मध्येच नोंदवली होती. त्यांच्यावर अ‍ॅट्रोपिन चालत नाही, हेही.

असं का? मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकं नसेकडून स्नायूला गेलेला संदेश पुसणारं एन्झाइम बंद पाडतात. संदेशांचा मारा चालूच राहतो आणि शेवटी स्नायू दाद देत नाही. अ‍ॅट्रोपिन लाळ, घाम, मंदावलेले ठोके सावरतं. या स्नायूंवर त्याचा परिणाम होत नाही. म्हणून व्हेंटिलेटर लागतो. तो वेळेत मिळाला तर बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत सावरतात.

याहून दुर्मीळ प्रकार २-३ आठवड्यांनी येतो. तळपायांना मुंग्या येतात, चालताना पाऊल लोंबतं. काहींचा अधूपणा कायम राहतो.

विष पोटातूनच जातं असं नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्वचा आणि श्वासावाटेही ते शरीरात शिरतं. त्यामुळे फवारणीनंतर काही आठवड्यांनी पाय लुळे पडू लागले, तर डॉक्टरांना फवारणीची तारीख सांगावी आणि औषधाच्या डब्याचं लेबल दाखवावं.