घरातले शस्त्र आणि मैदानातले शस्त्र

धारवाडच्या मुलखाने शस्त्रपरवान्याचा पहिला आघात सोसला तो 1857 साली. कंपनी सरकारने शस्त्रबंदीचा कायदा केला आणि परवान्याविना कोणी शस्त्र बाळगू नये असा हुकूम निघाला. मुधोळच्या घोरपडे संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी तो मानला नाही. शिकार आणि शिबंदी यांवर जगणाऱ्यांच्या हातून तलवार-बंदूक काढून घेणे म्हणजे कुणब्याच्या दारातला नांगर उचलून नेणे. नोव्हेंबर 1857 मध्ये इंग्रजी फौजेने हलगली जाळली; पुढच्या महिन्यात 19 जण फासावर गेले. कानडी लावणीने ही कथा आजवर जिवंत ठेवली आहे.

नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांचे मूळ दुखणे दत्तकाचे. दत्तक नामंजूर झाला, वर किल्ल्यावरच्या तोफा व दारूगोळा धारवाडास पाठवण्याचा तगादा लागला. 29 मे 1858 च्या रात्री सुरेबान येथे बाबासाहेबांनी पोलिटिकल एजंट मॅन्सनला गाठून ठार केले, आणि 12 जून रोजी बेळगावात त्यांना फाशी झाली.

उलट, कोडगूच्या लोकांना 1861 साली याच राजवटीने परवान्यातून सूट दिली. ती पुढेही टिकली. 2019 साली तिची मुदत 2029 पर्यंत वाढवण्यात आली. म्हणजे गोऱ्या सरकारचा प्रश्न ‘शस्त्र कोणते’ हा नव्हताच; ‘माणूस कोणाचा’ हा होता. 1878 च्या कायद्याने हा भेद पक्का केला. तो हिंदी माणसाला किती खुपत होता, हे 1931 च्या कराची काँग्रेसवरून दिसते. मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही तिथे घातला गेला.

स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला आणि प्रश्न बदलला: शस्त्र हवे कशासाठी? नेमबाजीसाठी की संरक्षणासाठी? अर्जातला हा रकाना वरवर कारकुनी वाटतो. पण रिव्हॉल्वर हाती घेतले की त्यातले मर्म कळते.

मैदानावरचे रिव्हॉल्वर लांब नळीचे आणि वजनदार असते. नळी लांब, म्हणून पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतर जास्त. नेम धरताना झालेली बारीक चूकही डोळ्यांना दिसते. वजनामुळे धक्का हाताला कमी बसतो. घोडा आधी चढवला की चाप अगदी हलका होतो. 25 मीटरच्या सेंटर-फायर स्पर्धेत 7.62 ते 9.65 मिलिमीटर व्यासाची शस्त्रे चालतात. तिथे घाई नसते, शिस्त असते. 1951 साली नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष आपले दादासाहेब मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती, हेच होते. बंदुकीला खेळाची प्रतिष्ठा मिळाली ती अशी.

घर राखण्याचे रिव्हॉल्वर नेमके उलट: आखूड, हलके, चटकन उचलता येणारे. कानपूरच्या कारखान्याने 2014 साली काढलेले .32 बोअरचे ‘निर्भीक’ अवघे 500 ग्रॅमचे. पण हलकेपणाची किंमत हाताला मोजावी लागते. धक्का जास्त बसतो आणि आखूड नळीवर नेम धरणे अवघड जाते. घाईत घोडा न चढवता चाप ओढला तर बोटाला जोर लागतो आणि नळी हलते. म्हणजे जे शस्त्र घाबरलेल्या, अंधारात उठलेल्या माणसाच्या हाती द्यायचे, तेच चालवायला अधिक कठीण! त्यालाच सरावाची गरज जास्त. आणि नेमके तेच कपाटात कुलूपबंद पडून असते. कुलूप काढून ठेवावे, तर घरातल्या लेकराचा हात तिथे आधी पोहोचण्याची भीती.

म्हणून 2016 च्या नियमांत हाताळणीच्या प्रशिक्षणाची आणि घरात सुरक्षित ठेवण्याची अट आली, हे योग्यच झाले. 2019 च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. मात्र नेमबाज खेळाडूंसाठी वेगळी सवलत राखली.

हलगलीच्या बेरडाचे शस्त्र रोजच्या वापरातले होते. त्याचे रान हेच मैदान, आणि त्याच शस्त्राने घरही राखले जाई. आज हुबळी-धारवाडात परवान्याचा अर्ज करणाऱ्याने एवढे तरी ध्यानात घ्यावे: सराव नसलेल्या हातातले रिव्हॉल्वर ना खेळाचे, ना रक्षणाचे. ते नुसते जोखमीचे ओझे!