ज्वालामुखीची चाहूल : आर्मेरो ते पिनाटुबो

आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे एके काळचा उकळता लाव्हा, हे आपण शाळेत शिकलो. ती गोष्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. तो विस्तव कधीच निवला, त्याची आता भीती नाही. पण जगात आजही शेकडो ज्वालामुखी जिवंत आहेत. त्यांच्या उतारावर आपल्यासारख्याच बाया शेती करतात, गुरं राखतात, बाजारहाट करतात. जुन्या राखेनं जमीन कसदार होते, मग ती सोडून कोण जाईल? या माणसांना "आता निघा" असं कोण सांगतं, कशावरून सांगतं आणि ते ऐकलं जातं का, याचा इतिहास आज सांगणार आहोत. त्यासाठी दोन डोंगर पुरेत.

आधी चाहूल कशी लागते ते पाहू. चुलीवरचं दूध नेमकं कोणत्या क्षणी उतू जाईल हे कुणी सांगू शकत नाही. पण कडेला बुडबुडे आले, साय वर उचलायला लागली की आपण हातातलं काम टाकून चुलीपाशी जातो. ज्वालामुखीचंही तसंच. खालचा वितळलेला खडक वर सरकताना आजूबाजूचा कातळ फोडतो, त्यामुळे बारीक बारीक भूकंप होतात. डोंगराचं अंग किंचित फुगतं. फटींतून गंधकाचा उग्र वायू जास्त निघू लागतो. भूकंप मोजायचे, फुगवटा मोजायचा, वायू मोजायचा आणि जुन्या उद्रेकांच्या खुणा खणून पाहायच्या. एकाच खुणेवर भरवसा ठेवायचा नाही, सगळ्या एकत्र वाचायच्या.

पहिला डोंगर दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशातला, नेवाडो देल रुईझ. आपल्या कळसूबाईच्या तिपटीहून उंच, माथ्यावर कायमचा बर्फ. 1984 च्या अखेरीस तिथे हादरे सुरू झाले तेव्हा जवळपास मोजायला यंत्रही नव्हतं. यंत्रं बसायला 1985 चा मध्य उजाडला. सप्टेंबरमध्ये एक लहान स्फोट झाला. 7 ऑक्टोबरला शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा तयार केला. बर्फ वितळून चिखलाचा लोंढा आला तर तो कोणत्या नदीनं, कोणत्या गावावर येईल, हे त्यात दाखवलं होतं. आर्मेरो हे सुमारे 29,000 वस्तीचं गाव त्या लोंढ्याच्या वाटेवरच होतं. नकाशा वर्तमानपत्रात छापून आला. काहींनी तो अतिरेक ठरवला. एवढी माणसं हलवायची म्हणजे खर्च, गोंधळ, आणि काहीच झालं नाही तर पुढच्या वेळी कोण ऐकणार, अशी अधिकाऱ्यांना धास्ती.

खरं तर हे गाव आधीच्या चिखलावरच उभं होतं. 1845 मध्ये असाच लोंढा येऊन शेकडो माणसं गेली होती. त्याच्याही आधी, 1595 मध्येही तसंच झालं होतं. पण 140 वर्षांत चार-पाच पिढ्या होतात. आजीच्या आजीनं पाहिलेलं कुणाच्या ध्यानात राहणार?

13 नोव्हेंबर 1985. दुपारी गावावर राख पडू लागली. रेडिओवरून आणि चर्चच्या भोंग्यावरून सांगितलं गेलं की शांत राहा, घाबरू नका. आम्ही स्वतः रेडिओवर बोलणाऱ्या. ही ओळ आम्हाला फार टोचते. रात्री नऊच्या सुमारास मोठा उद्रेक झाला. माथ्यावरचा थोडासाच बर्फ वितळला, पण त्याच्या पाण्यानं वाटेतली माती, दगड, झाडं सगळं ओढून घेतलं. ओल्या सिमेंटसारखा तो लोंढा साडेअकराच्या सुमारास आर्मेरोत शिरला. मधे जवळजवळ अडीच तास होते. गावाजवळच उंचवटा होता, चालत गाठता आला असता. आर्मेरोतली सुमारे 20,000 माणसं गेली, आणि आजूबाजूची धरून एकंदर 23,000 च्या आसपास.

नकाशा बरोबर निघाला, तरी एवढी माणसं गेली. हे शास्त्रज्ञांच्या जिव्हारी लागलं. 1986 मध्ये अमेरिकेनं एक फिरतं पथक उभं केलं. कुठल्या देशाचा डोंगर जागा झाला आणि त्यांनी बोलावलं, की यंत्रं घेऊन तिथे जायचं.

दुसरा डोंगर फिलिपिन्समधला पिनाटुबो. सुमारे 500 वर्षं गप्प, अंगावर दाट जंगल. तो ज्वालामुखी आहे हे खाली राहणाऱ्या बऱ्याच जणांना माहीतही नव्हतं. उतारावर आएटा नावाचे आदिवासी राहायचे. वाफ निघतेय, जमीन हादरतेय, ही खबर सरकारी शास्त्रज्ञांपर्यंत त्यांनीच पोचवली, त्यांच्यात काम करणाऱ्या एका ख्रिस्ती सिस्टरच्या सोबतीनं. एप्रिल 1991 मध्ये वाफेचे स्फोट झाले आणि रेमुंदो पुनोंगबायान यांच्या हाताखालचे फिलिपिनो शास्त्रज्ञ आणि ते फिरतं पथक कामाला लागले.

त्यांनी धोक्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या, कुणालाही कळतील अशा. विमानातून गंधकाचा वायू मोजला. 13 मेला दिवसाला सुमारे 500 टन, 28 मेला 5,000 टनांहून जास्त. मग जूनच्या सुरुवातीला तो एकदम घटला. आपल्याला वाटेल, चला, निवळलं. पण कुकरची शिट्टी अडकली की वाफ येत नाही, म्हणून कुकर थंड झाला असं आपण धरतो का? वायूची वाट बुजली असावी आणि आत दाब वाढत असावा, ही शंका होती. त्याच वेळी भूकंप वाढत होते. 9 जूनला पाचवी पायरी जाहीर झाली. रिकामा करायचा घेर 10 किलोमीटरवरून 20, मग 30 आणि शेवटी 40 पर्यंत नेला.

लोकांना पटवायला एक चित्रफीत कामी आली. फ्रान्सच्या कात्या आणि मोरिस क्राफ्ट या नवरा-बायकोनं जगभरचे ज्वालामुखी अगदी जवळून चित्रित केले होते. चिखलाचा लोंढा काय असतो, जळती राख काय करते, हे त्यात डोळ्यांनी दिसत होतं. ज्यांना आकडे पटत नव्हते त्यांना ते चित्र पटलं. ते दोघं मात्र 3 जूनला जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर चित्रण करताना मरण पावले. पिनाटुबो 15 जूनला फुटला. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी तो एक. त्यांची फीत पाहून हललेली माणसं तेव्हा दूर होती. किमान 5,000 जीव वाचल्याचा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला.

सगळे मात्र वाचले नाहीत. नेमकं त्याच दिवशी वादळ आलं, पावसानं राख भिजून जड झाली आणि छपरं कोसळून शेकडो गेले. पुढे छावण्यांमध्ये गोवरासारख्या साथी पसरल्या. त्यात आएटांची मुलं दगावली. ज्यांनी पहिली खबर दिली, त्यांचीच.

रुईझ अजून जागा आहे. आता त्याच्यावर रात्रंदिवस यंत्रांची नजर असते. 2023 च्या मार्चअखेर तिथले भूकंप वाढले, इशारा पिवळ्याचा नारिंगी झाला आणि उतारावरच्या सुमारे 2,500 कुटुंबांना हलायला सांगितलं गेलं. बरेच जण तयार होईनात. गाई कुणाच्या भरवशावर ठेवायच्या, दूध कोण काढणार, हाच त्यांचा सवाल होता. तीन महिन्यांनी, जूनअखेर, इशारा परत पिवळ्यावर आला. मोठा उद्रेक त्या वेळी झाला नाही.